सेकंडचा माल

गच्ची थरथरत होती.
ते आधी आमच्या लक्षातच आलं नाही.
साखर पेठेतला कारखाना, खाली बारा माग,
वर पाण्याची टाकी, वाळत टाकलेलं सूत,
आणि आमचा स्टँड,
ज्याचा एक पाय मी सुतळीनं आवळला होता.

आम्ही चौघं.
मी, लग्नाचे फोटो काढून पोट भरणारा.
शिरीन नदाफ, शाळेत भूगोल शिकवते,
चौदा नंबरची वेल्डिंगची काच तिनंच आणली
भावाच्या गॅरेजमधून.
सिद्राम हत्तुरे, बँकेतून निवृत्त, वहीत लिहीत होते,
आठ वाजून चार मिनिटं, स्पर्श.
आणि त्यांची नात सन्निधी, जिला भूक लागली होती.

पहिला फोटो हलला. दुसराही.
शटरचा वेग वाढवला,
स्टँडला विटांची पिशवी टांगली, श्वास धरला.
सूर्य तरी कडेनं विसविशीत,
पहिल्या धुण्यात रंग सोडलेल्या काठासारखा.
शिरीन वाकली, फरशीवर तळहात टेकला.
"तो नाही हलत," म्हणाली, "आपण हलतोय."

खटाखट, खटाखट.
हा आवाज आमच्या गावात कुणाला ऐकू येत नाही,
बंद पडला तरच येतो.

मी खाली गेलो.
राजेशम चिलवेरी कांडी बदलत होता.
म्हटलं, नऊ वीसला दोन मिनिटं माग थांबतील का?
त्यानं एका चादरीमागची मजुरी सांगितली,
मग दोन मिनिटांची किती होते, तेही, पैशासकट.
मी खिशात हात घातला.
"ठेव बे," म्हणाला.
"उजेडाला काय झालंय ते सांग आधी.
मघापासून लाल धागा मला विटकरी दिसतोय."
मी सांगितलं. आणि भोकं असलेलं काहीही चालेल,
चाळण, झारा, हेही सांगितलं.

नऊ एकोणीसला एकेक माग गप्प झाला.
बारावा थांबला तेव्हा
कावळे ऐकू आले,
पलीकडच्या घरात एक बाई कुकरच्या शिट्ट्या मोजत होती,
ओंडु, रेंडु.
मी शटर दाबत राहिलो.

राजेशम वर आला. काखेत जेकार्डचे जुने पत्ते,
दोरीनं एकमेकांना शिवलेले,
मोराच्या डिझाइनचे, जे आता कुणी मागत नाही.
"भोकं म्हणालास ना? घे किती पाहिजे तितकी."
काच मात्र डोळ्याला लावेना.
आईनं सांगितलंय, बघायचं नाही.
आईला जाऊन वीस वर्षं झालेली.
तो सूर्याकडे पाठ करून उभा राहिला
आणि खांद्यावर पत्ता धरला.

जिन्याच्या चुन्याच्या भिंतीवर
आधी नुसता उजेडाचा गिचका.
"मागं व्हा," शिरीन म्हणाली. "अजून."
ताणा ओढणाऱ्यासारखा
तो पाऊल पाऊल मागं सरला
आणि भिंतीवर कोरी उमटल्या.
भोकं दाट तिथं एकमेकीत मिसळलेल्या,
कडेला मात्र सुट्या, टोकदार,
सगळ्या एकाच कुशीवर.

सन्निधीनं विचारलं, मोर कुठंय?
एका पत्त्यात मोर नसतो, तो म्हणाला,
मोराची एक ओळ असते.
ही पायाची असेल. नाहीतर मानेची. नंबर पुसलाय.
मग बराच वेळ भिंतीला, की स्वतःलाच,
चूडु, चूडु, म्हणत राहिला.

दोन मिनिटांची सात झाली.
मालकाचा फोन वाजला.

भिंतीचा फोटो मी काढला नाही.
लांबच्या लेन्समध्ये ती मावत नव्हती,
आणि मोबाईल खिशात आहे हे
मला दुसऱ्या दिवशी आठवलं.

सूर्याचे तीन निघाले, स्वच्छ.
शाळेत फळ्याशेजारी लावलेत.
खाली सन्निधीनं वेळ लिहिलीय, चुकीची.
राजेशमची मजुरी कापली गेली.
किती, ते या वेळी त्यानं सांगितलं नाही.

माग थांबून पुन्हा सुरू झाला की
कापडात आडवी रेघ राहते.
डोळ्याला क्वचित दिसते, बोटाला कळते.
त्या सकाळच्या बारा चादरी
घडी घालताना सेकंडमध्ये निघाल्या,
स्टेशनसमोर कमी भावात गेल्या.

थंडी आहे.
त्यातली एखादी कुणीतरी आत्ता अंगावर ओढत असेल,
नऊ वीसची रेघ गुडघ्यावर,
किंवा हनुवटीपाशी.